यंदाची दिशा

संक्रांत होऊन गेलेली असते आणि शिवरात्र यायची असते. या मधल्या दिवसांना आमच्याकडे धड नाव नाही. सकाळी स्वेटर घालून निघावं, तर दुपारी त्याचं काय करायचं असा प्रश्न पडतो. हरभरा घाट्यांवर येतो, गव्हाच्या ओंब्या पिवळं व्हावं की नाही या विचारात असतात आणि पळसाच्या काड्यांवर काळपट कळ्या धरतात, पण फूल अजून दिसत नाही. सिंदीच्या बाजारात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. या दिवसांत दुकानात माशा मारायच्या असतात. खरिपाच्या बियाण्याला अवकाश असतो, हरभऱ्यावरची शेवटची फवारणी आटोपलेली असते. जो येतो तो बसायला येतो. तुरीच्या कुटाराने भरलेल्या ट्रॉल्या दुकानापुढून जातात आणि त्यांचा भुसा काउंटरवर येऊन बसतो. मी फडकं मारतो, तो परत येतो.

चांगले दिवस असतात, खोटं कशाला बोलू. पण हल्ली ते आले की माझं कशातच लक्ष लागत नाही. पोती मोजताना आकडा विसरतो. गिऱ्हाइकाने युरिया मागितला तर त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. मग माझं मलाच कळतं, आले ते दिवस.

मागच्या आठवड्यात मालाच्या कामाने कारंज्याला गेलो होतो. परतताना हायवेवर ढाब्यांच्या रांगेत एक भला मोठा फ्लेक्स दिसला. हुरडा पार्टी. त्यावर फेटा बांधलेला एक गोरापान शेतकरी हसत होता. त्याने आयुष्यात कधी ढेकूळ फोडलं असेल असं काही वाटलं नाही. मागे शामियाना, खाटा, कर्ण्यावर गाणी, नागपूर पासिंगच्या गाड्या. आजूबाजूला सगळी संत्र्याची झाडं आणि सोयाबीन निघून गेलेली रिकामी वावरं. ज्वारीचं एक उभं ताट नजरेला पडत नव्हतं. कणसं कुठून लांबून आणली असावीत. आमच्या लहानपणी हुरड्याला पार्टी म्हणत नसत. वावरात गेलं की कुणीतरी गोवऱ्या पेटवायचं, कणसं खुपसायचं, तळहातावर चोळून गरम दाणे दुसऱ्याच्या हातावर टाकायचं. हात भाजले म्हणून ओरडायचं आणि परत हात पुढे करायचा, एवढाच तो समारंभ होता.

तरी मी गाडी थांबवली. जीभ मेली ऐकत नाही. टेबल टाकून बसलेल्या पोराने विचारलं, "काका, किती जण हाये?"

"मी एकटाच."

त्याने माझ्यामागे गाडीकडे बघितलं. मग जरा ओशाळून म्हणाला, "एकट्यासाठी नाई पेटवत आमी, काका. ग्रुप पाहिजे."

राग आला. सेलूपर्यंत मी मनातल्या मनात त्या पोराला, त्या फेटेवाल्याला आणि एकूणच या नव्या जमान्याला शिव्या घालत आलो. जुनी गोष्ट उचलायची, तिच्यावर लाइटिंग लावायची आणि विकायची. पण घर जवळ यायला लागलं तसा राग उतरला. मला वाटलं, तू कुठल्या तोंडाने बोलतोस? दुकानदारांनीच मोठी केलेली एक रीत नसती, तर तुझ्या घरातलं ते एक जेवण झालंच नसतं.

ती रीत इथली नाही. जपानची आहे.

पल्लवी, आमची एकुलती एक मुलगी, इंजिनिअर होऊन ओसाकाला नोकरीला गेली. तिथे गेल्यावरची पहिलीच थंडी. असेच दिवस होते. तिने फोनवर सांगितलं की इथे उद्या सेत्सुबुन आहे. थंडीचा शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवसापासून वसंत धरायचा. ऋतूंच्या मधल्या सांध्याला तिकडे नाव आहे हे ऐकून मला बरं वाटलं. त्या दिवशी भाजलेले सोयाबीन घरातून बाहेर फेकतात आणि ओरडतात, राक्षस बाहेर, भाग्य आत.

निर्मला, म्हणजे पल्लवीची आई, फोनवर अर्धी ओणवी झाली होती. तिला सगळं जवळून ऐकायचं असायचं, जणू फोनच्या काचेतून आवाज सांडून वाया जाईल.

"सोयाबीन फेकून राह्यले?" ती म्हणाली. "भाव नाई भेटला वाटते त्यायले."

पल्लवी खूप हसली. मग निर्मलानेच आठवण काढली, की आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या फांद्या गावाबाहेर टाकत ओरडतात, इडा पीडा घेऊन जाय गे मारबत, तेच की हे. "राक्षस तिकडचा असो का इकडचा, मारल्याबिगर काई जात नाई व," असा निकाल देऊन तिने तो विषय संपवला.

मग पल्लवीने गुंडाळीचं सांगितलं. एहोमाकी. भाताची जाडजूड गुंडाळी, बाहेरून समुद्रातल्या शेवाळाचा काळा कागद, आत सात जिनसा, भाग्याच्या सात देवांच्या नावाने. ती कापायची नाही, कापली तर नशीब कापलं जातं. अख्खी हातात धरायची, त्या वर्षाची जी शुभ दिशा असेल तिकडे तोंड करून बसायचं, मनात एक इच्छा धरायची आणि गुंडाळी संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

"बोलाचं नाई?" निर्मला सरळ बसली. "न बोलता जेवाचं? मंग जेवाचंच कायले?"

तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर होतं. निर्मला बोलता बोलता भाकरी थापायची, बोलता बोलता वाढायची, आणि आपण जेवत असलो की समोर बसून सकाळपासूनचा सगळा हिशेब द्यायची. शेजारच्या शोभाताईंशी तिचं भिंतीवरून चालणारं बोलणं दिवसभर तुटत नसे, मधे दोघींचे स्वयंपाक होत, एवढंच. लग्न झालं तेव्हा मी जरा घुम्याच होतो. माझ्या वाटचं बोलायचं काम तिने अंगावर घेतलं आणि मी ते आनंदाने सोडून दिलं. दुकानातून आलो की चप्पल काढायच्या आत मला गावाची खबर मिळायची.

"आणि यंदा दिशा कोणती हाये?" तिने विचारलं होतं.

पल्लवीने सांगितलं, दक्षिण. म्हणजे दक्षिणेला जराशी आग्नेयेकडे कललेली.

"चाल हट," निर्मला म्हणाली. "दक्षिणेकडे तोंड करून कोणी जेवते का व? त्यायले सांग, आमच्याकडे तिकडे तोंड फक्त मेलेल्यायसाठी करतात."

तिच्या स्वयंपाकघरातला हा एकच कायदा होता, पण तो पक्का. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेच्या भिंतीला आहे. नवा माणूस जेवायला बसला की साहजिकच वाऱ्याकडे, उजेडाकडे तोंड करून बसतो. निर्मला वाढता वाढता थांबायची. आधी त्याचं ताट उचलायची. "उठ भाऊ," म्हणायची, पाट फिरवायची आणि मग ताट परत ठेवायची. आमच्या सोयऱ्यांतले एक गृहस्थ यावरून थोडे रागावले होते. रागावू दे, म्हणाली, तो जिता तर राहीन. ती दिशा यमाची आणि गेलेल्यांची, तिकडे बघत आपण घास घ्यायचा नाही, एवढं तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि त्यापुढे तिला काही ऐकायचं नव्हतं.

त्या वर्षी आम्ही गुंडाळी केली नाही. हसलो आणि विसरलो.

पल्लवी म्हणायची, ही रीत तिकडेही सगळ्यांची नव्हती. तिच्या ऑफिसात एक वयस्कर बाई आहेत. त्या म्हणाल्या, आमच्या गावाला लहानपणी हे असलं काही नव्हतं. ओसाकाच्या व्यापारी पेठेतली ती हौस. मग रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानांनी चित्रं लावली, आधीपासून ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळा देश एका संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून गप्प बसून गुंडाळी खायला लागला. उरलेल्या गुंडाळ्या दुसऱ्या दिवशी ढिगाने फेकतात, त्यावरून तिकडे ओरडही होते. मी दुकानदार माणूस, मला यात नवल वाटलं नाही. अक्षय्य तृतीयेला सोनं घ्यायलाच पाहिजे हे माझ्या आजोबांना तरी कुठे कोणी सांगितलं होतं? रीत कुणाच्या दुकानातून निघाली हे काही दिवसांनी कुणी विचारत नाही.

पुढच्या दिवाळीला पल्लवी येऊन गेली. निर्मलाचा आवाज तेव्हा बसलेला होता. सर्दी आहे, फराळाचं तळण बाधलं, असं सगळं आम्ही म्हणत होतो. पल्लवी परत गेली आणि तपासणीत गळ्यातली गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला पुढून एक भोक ठेवलं, श्वास त्यातून घ्यायचा. डॉक्टर भला माणूस होता, त्याने आधी सगळं समजावून सांगितलं होतं. जेवता येईल, पातळ, मऊ, हळूहळू. चालता-फिरता येईल. आवाज मात्र येणार नाही. निर्मलाने मान डोलावली होती. पण कळणं वेगळं आणि घरी आल्यावर शोभाताईंनी भिंतीपलीकडून "काय व निर्मला?" अशी हाक मारणं वेगळं. हाक ऐकून ती अंगणात गेली, तोंड उघडलं, आणि तशीच मागे फिरली.

घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. फ्रिज आवाज करतो हे मला तेव्हा कळलं. ती टाळी वाजवून मला बोलवायची. ताटाच्या काठावर बोटाने टकटक केलं की अजून घ्या. मी चुकून खिडकीकडे तोंड करून बसलो तर आता "उठ" नाही, नुसती टकटक, आणि पाट फिरवायचा. गळ्याला ती सुती रुमाल गुंडाळून ठेवी. मी मात्र बोलायला लागलो होतो. दुकानातून आलो की काही बाही सांगत सुटायचो, कोण आलं, कोण काय म्हणालं. मला ते नीट जमत नव्हतं. ती ऐकून घ्यायची आणि कधीकधी हसायची, माझ्या त्या धडपडीलाच हसत असावी.

आणि ती पल्लवीच्या फोनवर येईना. फोन वाजला की उठून मागच्या अंगणात जायची. मी बोलवलं तर हाताने नाही म्हणायची. पल्लवी म्हणे, "बाबा, नुसती दाखवा तिले. मले पाह्यचं हाये तिले, बोलाचं नाई." मी फोन घेऊन मागे गेलो की ती पदर ओढून तोंड फिरवायची. ऑपरेशननंतर मुलीने आईला बघितलंच नव्हतं. सुट्टी लगेच मिळण्यासारखी नव्हती. पल्लवीचा आवाज दर फोनला बारीक होत चालला होता आणि इकडे निर्मला दिवसेंदिवस वाळत होती. डॉक्टरने मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते धरलं तर या दोघींनी एकमेकींना बघायला फार वेळ नव्हता. मी दोघींच्या मधे उभा होतो आणि मला काहीही करता येत नव्हतं.

एक दिवस मी जरा चिडूनच विचारलं, "काऊन नाई बोलत तू तिच्याशी? म्हणजे, काऊन नाई येत समोर?" बोलत हा शब्द तोंडातून निघून गेला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती परातीत कणीक चाळून बसली होती. तिने त्या कोरड्या पिठात बोटाने लिहिलं: पोरगी रडन. मी वाचलं हे बघून तिने त्यावर पाणी ओतलं आणि कणीक मळायला घेतली.

मग ते दिवस आले. हेच, संक्रांत आणि शिवरात्रीच्या मधले. शोभाताईंच्या अंगणात तूर बडवत होते. पल्लवीचा फोन आला, निर्मला नेहमीसारखी उठून दाराआड गेली. पल्लवी म्हणाली, "बाबा, आईले एक निरोप सांगा. परवा सेत्सुबुन हाये. परवा इथं सगळे गप्प राहून जेवतात. मी बोलणार नाई. तुमी बी बोलाचं नाई. कोणीच बोलाचं नाई, नाहीतर रीत मोडते. तिले म्हणा, नुसती जेवाले बस माझ्यासमोर."

मी फोन ठेवला. दार अर्धं उघडं होतं, म्हणजे निरोप पोचला होता. तरी मी तो पुन्हा सांगितला, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. ती दारात आली. मग तिने दोन्ही खांद्यांवरून हात खाली ओढले, दोन वेण्या दाखवल्यासारखे. पल्लवी शाळेत असल्यापासून ती घालत असे त्या वेण्या. ऑपरेशननंतर मुलीचं नाव घ्यायची तिची ती खूण होती. मग तिने खिडकीकडे बोट केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मला कळायला जरा वेळ लागला. ती विचारत होती, दिशा दक्षिणेचीच आहे का? मी पल्लवीला मेसेज टाकून विचारलं.

"नाई," मी म्हणालो. "यंदा पूर्व. जराशी ईशान्येकडे."

तिने पुन्हा वेण्या दाखवल्या आणि हात पूर्वेकडे लांब केला. तिकडे पल्लवी आहे ना?

"हो. जपान तिकडेच हाये."

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. परवाच्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. इतके दिवस तोही आवाज नव्हता. शेवाळाचा कागद आणि चिकट भात आमच्याकडे कुठला? तिने तांदळाच्या पिठाची पातळ, मऊ धिरडी केली. आत सात जिनसा पाहिजेत हे तिच्या पक्कं लक्षात होतं. हरभऱ्याचे सोले, ओले दाणे, शिजवून मऊ ठेचले. वांग्याचं भरीत, गाजर, लाल भोपळा, पालक, थोडं दही बांधून, आणि भाजलेल्या तिळाचा कूट. प्रत्येक जिनसेचा घास आधी स्वतः गिळून बघितला, गळ्यातून उतरतं का ते. एक जिन्नस उतरेना, तेव्हा तिने ती बदलली. तिच्या चेहऱ्यावर पाहुणे यायचे असले की यायची तशी घाई होती.

तिकडे संध्याकाळ, आपल्याकडे दुपार. मी स्टुलावर पूर्वेला डब्याला टेकवून फोन ठेवला. आम्ही दोघं पाटावर बसलो. निर्मलाने रुमाल नीट केला, पदर डोक्यावरून घेतला, मग काढला. फोन लागला आणि पल्लवी दिसली. तिच्या त्या लहानशा खोलीत जमिनीवर मांडी घालून बसलेली, हातात काळी गुंडाळी. तिने आईकडे बघितलं. मला वाटलं, आता रडते. ती रडली नाही. तिने गुंडाळी कपाळाला लावली आणि पहिला घास घेतला.

आम्हीही घेतला. कुणी काही बोललं नाही. बडवण्याचा आवाज बाहेर चालू होता. निर्मलाला गिळायला वेळ लागत होता. एक घास, मग थांबायचं, पाण्याचा घोट, मग दुसरा. माझी गुंडाळी अर्धी झाली तेव्हा तिची कडाच कुरतडलेली होती. आणि तिकडे पल्लवी, जी लहानपणापासून दोन मिनिटांत ताट साफ करून उठायची आणि त्यावरून आईची बोलणी खायची, ती आता चिमणीएवढा घास घेऊन चावत बसली होती. आईचा घास उतरेपर्यंत ती पुढचा घेत नव्हती. मीही थांबलो. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. निर्मलाने इतके दिवस मुलीपुढे यायचं टाळलं, कारण आई समोर आहे आणि बोलत नाही हे मुलीला बघावं लागेल. आता समोर बसलेली मुलगीही बोलत नव्हती, मीही नव्हतो. त्या एका दुपारी तिच्यात काही कमी नव्हतं.

मधेच निर्मलाने बोटाने ताटाच्या काठावर टकटक केलं. अजून घे. हजारो मैलांवर बसलेल्या पोरीला आई अजून घे म्हणत होती. पल्लवीने मान हलवून हो म्हटलं आणि मोठा घास घेतला. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण मी तोंडातून आवाज काढला नाही. रीत मोडली असती.

गुंडाळ्या संपायला दुपार कलली. संपल्यावरही फोन कुणी ठेवला नाही. शेवटी निर्मलाने खांद्यावरून दोन वेण्या ओढून दाखवल्या आणि मग बोटांची कात्री करून विचारलं, केस का कापले? पल्लवी हसली, आणि तेव्हा रडली. निर्मलाने रडू दिलं तिला.

त्यानंतर दर रविवारी दोघींचं जेवण व्हायचं. मुक्यानं. वरण-भात असला तरी चालायचा, दिशा कोणती याची कुणाला पर्वा नव्हती. पल्लवी उन्हाळ्यात येऊन महिनाभर राहून गेली, तेव्हाही दोघी मायलेकी तशाच समोरासमोर बसत, काही न बोलता, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून ताटावरची टकटक ऐकत असे. श्रावणात निर्मला गेली. एहोमाकी खाताना मनात जी इच्छा धरतात ती सांगायची नसते, म्हणून तिने काय मागितलं ते मला माहीत नाही. मी काय मागितलं होतं ते सांगायला आता हरकत नाही. ते मिळालं नाही.

मागच्या वर्षी पल्लवीने सेत्सुबुनचं नाव काढलं नाही, मीही नाही. घरात वर्षभर सण करायचे नव्हते, आणि हा तर आपला सणही नाही.

यंदा तिने फोन केला. कारंज्याहून मी परत आलो त्याच संध्याकाळी. मी तिला हुरड्याचं सांगितलं, एकट्यासाठी पेटवत नाहीत म्हणून. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, परवा सेत्सुबुन हाये. आपण दोघं बसू का?"

"बसू."

"पण यंदा दिशा दक्षिण हाये. तेव्हासारखीच, आई हसली होती त्या वर्षीसारखी." पुढे म्हणाली, "तुम्हाले नसन बसाचं तर पूर्वेकडे बसा. तिले आवडणार नाई."

मी म्हटलं, पाहू.

धिरडी मला येत नाहीत. पहिली तव्याला चिकटली, दुसरी फाटली. शोभाताई भिंतीवरून बघत होत्या, त्यांनी पीठ जरा सैल करायला सांगितलं, मग जमली. सोले ठेचले, भरीत केलं, गाजर, भोपळा, पालक, दही, तीळ. माझा गळा धड आहे, मऊ करायची काही गरज नव्हती. तरी मी सगळं मऊच केलं.

दुपारी पाट घेऊन मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिलो. पूर्वेला फोनचं स्टूल अजून तिथेच आहे, मी ते हलवलेलं नाही. त्या वर्षी ती आपल्या मुलीच्या दिशेला तोंड करून बसली होती. मुलगी जिकडे आहे तिकडे. मग माझं माणूस जिकडे गेलं आहे तिकडे मी का बसू नये? जन्मभर तिने मला तिकडे बघू दिलं नाही, म्हणून ती दिशा मला अनोळखी राहिली. आणि आता ती स्वतः तिकडे जाऊन बसली. भांडायला तरी कुणाशी भांडू?

स्टूल उचललं आणि खिडकीखाली ठेवलं. फोन लावला. मी कुठल्या भिंतीकडे तोंड करून बसलो ते पल्लवीने पाहिलं, काही बोलली नाही. बोलायचं नव्हतंच. मी पहिला घास घेतला. खिडकीतून शोभाताईंचा शेवगा दिसत होता, पांढऱ्या फुलांनी भरलेला. इतकी वर्षं या घरात जेवलो, पण जेवताना खिडकीतून शेवगा दिसतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

मी हळूहळू खात होतो. पल्लवीही. घास उतरला की थांबायचं ही सवय आम्हाला लागलेलीच होती. अर्ध्यावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझे कान मागे लागलेले आहेत. मी अंग जरा उचलून धरलं होतं. ताट कुणी उचलेल, काठावर टकटक होईल, आणि मला उठावं लागेल, म्हणून मी पाटावर पुरता बसलोच नव्हतो.

गुंडाळी संपेपर्यंत मी तसाच बसून होतो. पाट कुणी फिरवला नाही.